पाणावलेले कोरडे डोळे

‘आईच्या डोळ्यांतून सारखं पाणी येतं आणि डॉक्टर म्हणतात, डोळे कोरडे झालेत. हे कसं काय?’ साठी ओलांडलेल्या आईवडिलांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेणारे हा प्रश्न हमखास विचारतात.

डोळ्यांवरचा अश्रूंचा थर केसाच्या दहाव्या हिश्श्याहूनही पातळ असतो. त्यात तळाशी श्लेष्मा, मध्ये खारं पाणी आणि वर तेल. हे तेल पापण्यांच्या काठावरच्या ग्रंथींतून येतं. १६६६ साली हाइनरिश मायबोम यांनी त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्या मायबोमियन ग्रंथी. मिसळीच्या कटावर तर्री जाड असली की खालचा रस्सा बराच वेळ गरम राहतो, कारण तवंगाखालून वाफ सुटत नाही. (बाष्पीभवनाचा हा धडा शाळेत शिकवला असता, तर कुणी नापास झालं नसतं!) पापणीतलं तेल आटलं की ही तर्रीच जाते आणि पाणी भराभर उडून जातं.

वय वाढतं तसा मार दोन्हीकडून बसतो. तेलग्रंथी बुजतात. वरच्या पापणीआडच्या मुख्य अश्रुग्रंथीत लिम्फोसाइट या रोगप्रतिकारक पेशी ठाण मांडतात, पाणी स्रवणाऱ्या पेशी झडतात आणि त्यांच्या जागी चिवट तंतू माजतात. रजोनिवृत्तीनंतर बायकांना हा त्रास अधिक होतो. पाणी कमी झालं की उरलेलं अधिक खारट होतं. त्या खारटपणाने बुबुळावरच्या पेशी दुखावतात, दाह वाढतो, आणि दाहामुळे ग्रंथी आणखी खचतात. मधूनच दुखावलेल्या नसा धोक्याची घंटा वाजवतात आणि मुख्य ग्रंथी एकदम पाणी सोडते. त्यात तेल आणि श्लेष्मा बेताचेच, त्यामुळे ते डोळ्यांवर न टिकता गालावर ओघळतं. आईच्या डोळ्यांतलं पाणी बऱ्याचदा हेच असतं. कधी मात्र अश्रूंचा निचरा करणारी नळी बुजलेली असते, म्हणून तपासणी टाळू नये.

कोरड्या डोळ्यांमागे दाह असतो हे आज सगळे मान्य करतात, पण तिथवर पोहोचण्यात एका पशुवैद्यक बाईंचा मोठा वाटा आहे. अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठात रेनी कॅस्वन १९८०च्या दशकात कुत्र्यांचे कोरडे डोळे तपासत होत्या. कुत्र्यांच्या अश्रुग्रंथींत त्यांना लिम्फोसाइटची गर्दी दिसली. शरीर आपल्याच ग्रंथीवर उलटलं असेल, तर प्रत्यारोपित मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून देतात ते सायक्लोस्पोरिन डोळ्यांत घालून पाहावं, असा त्यांचा तर्क होता. कुत्र्यांच्या डोळ्यांत पुन्हा अश्रू आले. माणसांसाठी याच औषधाच्या थेंबांना अमेरिकेत परवानगी मिळाली ती २००२च्या डिसेंबरात. ‘प्राण्यांवर प्रयोग’ म्हटलं की आपल्याला पिंजऱ्यातले उंदीर आठवतात. इथे आजारी कुत्री बरी करता करता माणसांचं औषध हाती लागलं, आणि तरीही नेत्रतज्ज्ञांच्या वर्तुळाबाहेर कॅस्वन यांचं नाव फारसं कुणी घेत नाही.

नाव गाजतं ते माशाच्या तेलाच्या गोळ्यांचं. दाह शमवणाऱ्या ओमेगा-३मुळे डोळे ओले राहतील, हे ऐकायला पटतं. २०१८मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ५३५ रुग्णांची चाचणी छापून आली. काहींना वर्षभर रोज ३ ग्रॅम ओमेगा-३ दिलं, बाकीच्यांना ऑलिव्ह तेल. बरं दोन्ही गटांना वाटलं, आणि दोघांत म्हणण्याजोगा फरक निघाला नाही. जाहिराती अर्थातच थांबल्या नाहीत.

याहून धोक्याची सवय म्हणजे केमिस्टकडून परस्पर आणलेले स्टेरॉइडचे थेंब. दाह झटपट उतरतो, म्हणून माणूस खूश असतो. पण महिनोन्‌महिने घातल्यास काचबिंदू आणि मोतीबिंदू दोन्ही ओढवू शकतात. सायक्लोस्पोरिन उलट संथ. सुरुवातीला झोंबतं, गुण यायला काही आठवडे, कधी महिने लागतात, आणि नेमकं तेव्हाच लोक ते सोडून देतात. म्हणून डॉक्टरांना ‘कुठले थेंब घालू?’ असं विचारण्याआधी ‘कमी काय पडलंय, पाणी की तेल, आणि दाह किती आहे?’ असं विचारावं. थेंब कुठले आणि किती दिवस घालायचे, हे त्यावरच ठरतं.