लेन्स गेली? खिशावर फोकस ठेवा!

पावसाळाभर कॅमेरा बॅगेत पडून राहिला, की दिवाळीत लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसते. आता नवी लेन्स घ्यायची, पण कोणती? पगार तर तेवढाच!

दुकान गाठण्याआधी कम्प्युटरवर जुने फोटो उघडा. प्रत्येक फोटोच्या माहितीत फोकल लेंग्थ नोंदवलेली असते. बहुतेक फोटो १८ ते २४ एमएमचे? म्हणजे तुम्ही ट्रेकवाले. पुन्हा १८-५५च बरी. आकडा सारखा ५०-५५च्या घरात? मग ५० एमएम एफ/१.८ घ्या. किट लेन्स ५५वर एफ/५.६च्या पुढे उघडत नाही. ही तिच्या नऊपटींहून जास्त प्रकाश आत घेते. मित्राची हळद, कट्ट्यावरची संध्याकाळ, सगळं फ्लॅशशिवाय! झूम मात्र नाही, पुढे-मागे पायांनीच व्हायचं.

निकॉनवाल्यांनो, डी३५००सारख्या बॉडीत फोकसची मोटर नसते. स्वस्तातली 'एएफ-डी' लेन्स लावलीत तर फोकस हातानेच करावा लागेल. 'एएफ-एस' लिहिलेलीच मागा.

मुंबईकरांसाठी फोर्टातला बोरा बाजार आहेच. सेकंडहॅण्ड घेताना मोबाइलचा टॉर्च लेन्समधून आरपार मारा, स्वतःच्या बॉडीवर लावून चार फोटो काढा, मगच पैसे मोजा.

आणि घरी आल्यावर? हवाबंद डबा, सिलिका जेलच्या पुड्या. जुनी बुरशीवाली लेन्स मात्र त्या डब्यात अजिबात नको!