गळ, तळे आणि कापरा हात

अमेरिकेत मुलांकडे राहावयास गेलेल्या आईवडिलांना सकाळी नऊनंतरचा काळ सर्वांत जड जातो. मोटारी निघून गेलेल्या असतात, नातवंडे पिवळ्या बसमध्ये चढलेली असतात आणि एवढे मोठे घर एकाएकी निःशब्द होते. पायी जाण्याजोगे दुकान नसते, कट्टा नसतो, ओळखीचे कोणी रस्त्यावर दिसत नाही. अशा वसाहतींच्या कडेला एक गोष्ट मात्र पुष्कळदा आढळते : एखादे तळे. कोठे पावसाचे पाणी साठावे म्हणून मुद्दाम खोदलेले, कोठे जुन्या शेतीच्या काळापासून उरलेले. त्याच्या काठी पाणकणसांची दाटी असते, पाण्यावर कुमुदिनीची पाने पसरलेली असतात आणि त्या पानांच्या सावलीत बहुधा लार्जमाउथ बास नावाचा मासा दबा धरून असतो.

हा मासा गळाने धरण्याची एक विशिष्ट पद्धत तिकडे फार लोकप्रिय आहे. ती वयस्कांच्या हातांना इतकी मानवते की, आरोग्याला वाहिलेल्या पाक्षिकात तिच्याविषयी लिहिण्यात मला काही वावगे वाटत नाही.

बास हा गोड्या पाण्यातला शिकारी मासा. पाठ हिरवट, बाजूला काळसर पट्टा आणि जबडा असा की, मिटल्यावरही त्याची कड डोळ्याच्या मागे गेलेली दिसावी. तो भक्ष्याच्या मागे फार दूर धावत नाही. पडलेल्या झाडाच्या खोडाशी किंवा लाकडी धक्क्याखाली थांबून जवळ येणाऱ्या जिवावर झडप घालतो. जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी यांनी 1932 साली धरलेला बास 22 पौंड 4 औंस, म्हणजे सुमारे दहा किलो भरला. जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी 2009 साली त्या विक्रमाची बरोबरी केली. वसाहतीच्या तळ्यातला मासा पौंड-दोन पौंडांचा असतो, आणि सत्तरीतल्या मनगटाला तेवढा पुरेसा आहे.

आपल्याकडे नदीकाठची मुले गळाला जिवंत गांडूळ लावतात. प्लास्टिकच्या गांडुळाची कथा 1949 साली ओहायोतील अ‍ॅक्रन शहरी सुरू झाली. निक क्रीम यांनी मऊ प्लास्टिक वितळवून ते घरच्या साच्यात ओतले. पुढे गॅरी यामामोटो यांच्या ‘सेन्को’ने या आमिषाला अगदी साधे रूप दिले. त्याला शेपूट नाही, पाय नाहीत. पेन्सिलीएवढी जाड, पाच इंच लांबीची कांडी. प्लास्टिकमध्ये मीठ भरपूर मिसळलेले असल्यामुळे ती वजनदार होते आणि शिसे न बांधताही बुडते. शिशाचे मणी दातांनी दाबून तंगुसावर घट्ट करण्याची घातक सवय अनेक हौशी मंडळींना असते. येथे तो प्रश्नच उद्भवत नाही.

एरवी गळ गांडुळाच्या डोक्यातून ओवतात. या पद्धतीत तो मधोमध टोचतात, त्यामुळे दोन्ही टोके मोकळी लोंबतात. दिसावयास हा प्रकार इतका चमत्कारिक की, तिकडे त्याला ‘वॅकी रिग’, म्हणजे जवळजवळ ‘खुळचट जोडणी’च, म्हणतात. परंतु पाण्यात पडल्यावर ती कांडी आडवी राहून हळूहळू खाली उतरू लागते आणि तिची दोन्ही टोके थरथरत राहतात. बासला मोह पडतो तो या थरथरीचा, आणि ती माणसाच्या हातातून येत नाही. दोरा ताणून धरला की कांडी काठाकडे ओढली जाते आणि थरथर मंदावते. दोरा सैल सोडला तरच ती नीट पडते.

म्हणून फेकल्यानंतर करावयाचे ते एवढेच : टोक खाली ठेवून तंगूस ढिला सोडावा आणि त्याच्याकडे पाहत राहावे. मासा बहुतेक वेळा आमिष खाली उतरत असतानाच ते घेतो. हिसका क्वचितच जाणवतो. पाण्यावर पडलेला दोरा किंचित उडी मारतो, किंवा सरळ खाली जाता जाता बाजूला सरकू लागतो, किंवा तळ यावयाच्या आधीच थांबतो. यांपैकी काही दिसले की घाईने झटका न देता सैल दोरा गुंडाळून घ्यावा आणि काठी एका बाजूला सावकाश ओढावी. काहीच घडले नाही, तर काठीचे टोक दोन फूट उचलावे व पुन्हा सोडून द्यावे. तीनचारदा असे केल्यावर गुंडाळून नवी फेक. नवशिके वारंवार हलवत राहतात, आणि त्यांना मासे कमी मिळतात.

माझे थोरले बंधू (आम्ही भावंडे त्यांना दादा म्हणतो) न्यू जर्सीत मुलाकडे असतात. वय चौऱ्याहत्तर. तीन वर्षांपूर्वी त्यांना कंपवाताचे निदान झाले. उजवा हात मांडीवर स्वस्थ ठेवला की अंगठा व तर्जनी हलू लागतात. या रोगातील कंपाचे एक वैशिष्ट्य पुष्कळ कुटुंबांना ठाऊक नसते : तो मुख्यतः विश्रांतीच्या अवस्थेतला असतो आणि हात हेतुपूर्वक हलविला की बहुधा कमी होतो. दादा काठी मागे नेऊन फेक करीत तेव्हा त्यांचा हात जवळजवळ स्थिर असे. मग ते बसून वाट पाहू लागत आणि कंप परत येई. पण तोपर्यंत दोरा सैल असे आणि खालच्या कांडीला त्या हाताचा पत्ताही नसे. त्यांना हे शिकविणारे शेजारचे निवृत्त गृहस्थ फारसे बोलत नसत. पहिले दोन आठवडे एकही मासा लागला नाही.

अडचण मासा लागू लागल्यावर आली. निदान झाल्यापासून त्या घरात दादांच्या हातातून एकेक वस्तू काढून घेतली गेली होती. प्रथम मोटारीच्या किल्ल्या, मग दाढीचे पाते, मग चहाचा कप अर्धाच भरला जाऊ लागला. यांतल्या काही गोष्टी आवश्यक होत्या, काही केवळ भीतीपोटी होत्या. माझा भाचा अत्यंत प्रेमळ आहे. गळाला मासा लागला की तो धावत येऊन वडिलांच्या हातातली काठी स्वतःकडे घेई. एका सकाळी दादांनी ती दिली नाही. “तू जाळी धर,” ते म्हणाले, “काठी माझ्याकडे राहू दे.” तो मासा काठाजवळ येऊन सुटून गेला. भाचा हळहळला, दादा मात्र पुढच्या फेकीसाठी नवे गांडूळ मागत होते.

काय आपण करावे आणि काय त्यांच्यावर सोडावे, हे शुश्रूषा करणाऱ्याने आधी ठरवून घ्यावे. गाठ मारणे, गळाला आमिष लावणे, गळ सोडविणे ही बारीक बोटांची कामे आपण करावीत, त्यात कोणाचा मान जात नाही. गळ थेट गांडुळात न टोचता त्याच्या मध्यावर एक लहान रबरी कडे चढवून त्यात अडकविला, तर गांडूळ लवकर फाटत नाही. अशी पाचसहा गांडुळे घरीच तयार करून न्यावीत. फेकणे, पाहणे आणि ओढणे मात्र सर्वस्वी त्यांचे. काठी साडेसहा ते सात फुटांची, हलकी किंवा मध्यम ताकदीची असावी. स्पिनिंग प्रकारच्या रिळाची मूठ डावीकडून उजवीकडे बदलता येते, ही सोय अर्धांगानंतर एक हात दुबळा राहिलेल्यांसाठी मोलाची आहे. सांधेदुखी असल्यास मुठीभोवती कापडी पट्टी गुंडाळून ती जाड करावी. दृष्टी मंद असेल तर भडक पिवळा विणलेला दोरा घेऊन त्याच्या टोकाला पाचसहा फूट पारदर्शक तंगूस जोडावा. माशाला तो सहसा दिसत नाही आणि माणसाला पिवळा दोरा लांबूनही दिसतो. ध्रुवीकरण करणाऱ्या काचांचा चष्मा पाण्यावरची चकाकी कमी करतो, शिवाय उडालेल्या गळापासून डोळा वाचवितो. तो सोबत्यानेही लावावा, कारण फेकीच्या वेळी मागे उभे असतो ते आपणच.

या छंदातील खरा धोका काठाचा आहे. ओले गवत, उतार आणि एकाएकी उभे राहणे या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की वृद्ध माणूस पडतो. रक्तदाबाच्या आणि कंपवाताच्या औषधांनी उठताना चक्कर येऊ शकते, म्हणून खुर्ची हातांची, सपाट जागी, पाण्यापासून काही पावले मागे ठेवावी आणि फेक बसूनच करावी. कंपवाताच्या रुग्णाला पूर्वी उत्तम पोहता येत असले, तरी आता त्यावर भिस्त ठेवू नये. काठावर बसतानाही तरंगते जाकीट घालावे, हा माझा आग्रह काहींना अतिरेकी वाटेल, वाटो. जाण्याची वेळ औषधाचा परिणाम चांगला असतो त्या तासांत ठरवावी. मासे पहाटे अधिक लागतात म्हणून औषधाची वेळ मोडून पहाटे निघू नये. मधुमेह्यांनी अनवाणी चालू नये. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर गळ हाताळण्याचे काम दुसऱ्याने करावे. गळ कातडीत उलट्या काट्यापर्यंत रुतला, तर तो उपटू नये, दवाखान्यात जावे. भारतातून पाहुणे म्हणून गेलेल्यांनी प्रवास-विमा अशा किरकोळ इजेला लागू आहे की नाही, हे पूर्वीच पाहून ठेवणे शहाणपणाचे. न्यू जर्सीच्या गवतात गोचिडी असतात आणि त्यांच्या चाव्यातून लाइम रोग होतो. लांब पायजमा मोज्यांत खोचावा आणि घरी आल्यावर गुडघ्यांमागे, कमरेभोवती नीट तपासावे.

आपल्या अनेक घरांत याहून अवघड प्रश्न वेगळाच असतो. वहिनी शाकाहारी, माळकरी घरातल्या. “जिवाला टोचायचे आणि वर त्याला छंद म्हणायचे?” असे त्यांनी विचारले. याचे सोपे उत्तर माझ्याजवळ नाही. जिवंत गांडूळ मरत नाही आणि मासा परत सोडला जातो, एवढे खरे. गळ टोचतो, हेही खरे. दादांनी गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट केला, तेव्हा वहिनींचा विरोध मावळला नाही, पण त्या तळ्यावर येऊ लागल्या. काटा दाबलेला गळ लवकर निघतो, माणसाच्या बोटातूनही. या पद्धतीत मासा आमिष निमूटपणे गिळतो, म्हणून ओढण्यास उशीर झाला तर गळ घशात उतरतो. तसे झाल्यास ओढाओढ न करता तंगूस जवळून कापून मासा सोडून द्यावा. माशाला ओल्या हाताने धरावे. बासचे दात खरखरीत कागदासारखे असतात, म्हणून अंगठा खालच्या ओठात घालून तो धरता येतो. दुसरा हात पोटाखाली हवाच, नुसत्या जबड्यावर आडवा लटकवू नये. फाटलेली गांडुळे खिशात घालून परत आणावीत. पाण्यात टाकलेले प्लास्टिक मासे गिळतात. ज्या घरांत मासे खाल्ले जातात तेथेही तळ्यातला बास ताटात घेण्यापूर्वी त्या राज्याची सूचना वाचावी, कारण शिकारी माशांत पारा साठत जातो.

नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. न्यू जर्सीत सत्तरी गाठलेल्या रहिवाशांना मासेमारीचा परवाना लागत नाही. पाहुण्यांना वेगळा घ्यावा लागतो. वसंतात नर बास अंड्यांची राखण करीत असतो, म्हणून तेथे 15 एप्रिल ते 15 जून या काळात धरलेला बास ताबडतोब सोडावाच लागतो. खासगी वसाहतीच्या तळ्यावर तेथील मंडळाची परवानगी विचारावी.

दादांचा कंप कमी झालेला नाही. मी हे मुद्दाम लिहिते, कारण छंदाने रोग बरा झाल्याच्या कथा आपल्याकडे फार खपतात. व्यायामशिक्षिकेने सांगितलेली खुर्चीतून हात न टेकता उठण्याची कसरत ते पूर्वी टाळत. आता रोज सकाळी दहा वेळा करतात, कारण मासा लागल्यावर दोन्ही हात काठीला लागतात. हवामानाचा अंदाज ते नातवाला वाचून दाखवितात. भाच्याने जाळी धरण्याची कला साध्य केली आहे : ती पाण्यात आधीच बुडवून स्थिर ठेवावी, मासा तिच्यावर आणला जातो, जाळी माशामागे धावत नाही.

ऑक्टोबरात पाणी गार होते आणि बास खोल पाण्याकडे सरकतात. मग दादा जेवणाच्या मेजावर वर्तमानपत्र पसरून गांडुळे लावावयास बसतात. हिरवी, काळी आणि तपकिरी एका पिशवीत ठेवली तर एकाचा रंग दुसऱ्यात उतरतो, आणि काही कठीण प्लास्टिकच्या डब्यांत ती चिकटून विरघळतात. म्हणून प्रत्येक रंग आपापल्या मूळ पिशवीत जातो. गेल्या खेपेस या कामाला त्यांना दोन दुपारी लागल्या, आणि वहिनींनी त्यांच्याकडे एकही पिशवी मागितली नाही.