दोन औंस मातीचे कोडे

झाड वाढते ते काय खाऊन? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी सतराव्या शतकात ब्रसेल्सचे वैद्य व रसायनज्ञ यान बाप्टिस्टा फान हेल्माँट यांनी एक प्रयोग केला. त्यांनी एका मोठ्या कुंडीत भट्टीत वाळविलेली 200 पौंड, म्हणजे सुमारे 90 किलो माती भरली. तीत विलोचे, म्हणजे आपल्याकडील वाळुंजाच्या जातीचे, 5 पौंड वजनाचे रोप लावले. वाऱ्याबरोबर धूळ येऊ नये म्हणून कुंडीवर छिद्रे पाडलेला पत्रा बसविला आणि त्यास केवळ पावसाचे किंवा ऊर्ध्वपातित पाणी घातले.

पाच वर्षांनी झाड उपटून तोलले, तेव्हा त्याचे वजन 169 पौंडांहून किंचित अधिक भरले. माती पुन्हा वाळवून तोलली, तर तीत जेमतेम 2 औंसांची, म्हणजे सुमारे 57 ग्रॅमची घट झालेली आढळली. यावरून हेल्माँट यांनी असे अनुमान काढले की, लाकूड, साल व मुळे ही सर्व केवळ पाण्यापासून निर्माण झाली. त्यांच्या मृत्यूनंतर, इ. स. 1648 मध्ये, त्यांच्या पुत्राने ही हकीकत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली.

प्रयोग चोख होता. अनुमान मात्र अपुरे होते. दोन गोष्टी त्यात निसटल्या. एक म्हणजे हवा, आणि दुसरी म्हणजे ते दोन औंस.

हवेचा वाटा

यान इंगेनहाउझ यांनी 1779 मध्ये दाखवून दिले की, वनस्पतींचे हिरवे भाग सूर्यप्रकाशातच प्राणवायू बाहेर टाकतात. पुढे 1804 मध्ये निकोला द सोस्यूर यांनी मोजमाप करून सिद्ध केले की, हवेतील कार्बन डायऑक्साइड व मुळांनी शोषलेले पाणी या दोहोंपासून झाडाचा देह घडतो. हेल्माँट यांच्या कुंडीतील माती जवळजवळ तशीच का राहिली, याचा उलगडा असा झाला.

मातीचा वाटा

मग मातीचे काम केवळ झाडास उभे धरण्याचेच काय? इंग्लंडमधील जॉन वुडवर्ड यांनी 1699 मध्ये पुदिन्याची रोपे निरनिराळ्या पाण्यांत वाढविली होती. पावसाच्या पाण्यातील रोप थोडे वाढले, थेम्स नदीच्या पाण्यातील त्याहून अधिक, आणि बागेतील माती कालविलेल्या पाण्यातील रोप तर विशेष जोमाने वाढले. तेव्हा मातीतून काही तरी पाण्यात उतरत होते, हे उघड आहे. ते काय, याचा दाखला चुलीजवळही मिळतो. लाकडांची मोठी मोळी जळून जाते व मागे ओंजळभर राख उरते. मुळांनी मातीतून घेतलेल्या खनिज क्षारांचा बराचसा भाग या राखेत असतो.

वनस्पतींस अत्यावश्यक अशी सतरा मूलद्रव्ये आज मानली जातात. त्यांपैकी कार्बन, हायड्रोजन व ऑक्सिजन ही हवा व पाणी यांतून मिळतात. उरलेली चौदा मुख्यत्वे मातीतून येतात. नत्र, स्फुरद व पालाश त्यांत अधिक प्रमाणात लागतात. लोह, जस्त, तांबे, बोरॉन यांचा केवळ लेश पुरतो. पण लेश पुरतो म्हणजे नसला तरी चालतो, असे नव्हे.

हिमालयाच्या पायथ्याशी असलेल्या तराईच्या प्रदेशात भाताची पाने तपकिरी डागांनी भरून जात व रोपे खुजी राहत. शेतकरी या रोगास 'खैरा' म्हणत. पंतनगर येथील शास्त्रज्ञ य. ल. नेने यांनी 1966 मध्ये दाखवून दिले की, हा कोणत्याही जंतूचा प्रताप नसून जस्ताचा अभाव आहे. जस्ताचे सल्फेट व विरविलेला चुना पाण्यात मिसळून फवारताच पीक सावरू लागले. हेक्टरभर भातास अवघे काही किलो जस्तक्षार पुरे होतात. ते न मिळाल्यास भरपूर पाणी व ऊन असूनही कणगी रिकामी राहते.

बरणीतील माती

माती म्हणजे निर्जीव भुगा नव्हे. काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा माती व उरलेले पाणी घालून बरणी खूप हलवावी व स्थिर ठेवावी. जाड रेती क्षणार्धात तळाशी बसते, तिच्यावर बारीक गाळ साचतो. चिकणमातीचे कण इतके सूक्ष्म असतात की पाणी दीर्घकाळ गढूळच राहते. हेच कण क्षारांना धरून ठेवतात. पृष्ठभागावर पालापाचोळ्याचे काळपट तुकडे तरंगतात. ते कुजवून त्यांतील द्रव्ये पुन्हा मुळांच्या स्वाधीन करण्याचे काम मातीतील असंख्य सूक्ष्म जीव करीत असतात.

अशा मातीचा एक सेंटिमीटर जाडीचा थर तयार होण्यास शेकडो वर्षे लागतात. उघड्या उतारावरून मात्र वळवाची एक जोरदार सर तो वाहून नेऊ शकते. पिकांनी नेलेले क्षार परत न केल्यासही जमीन हळूहळू दरिद्री होते. म्हणूनच भारतात 2015 साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेच्या योजनेत मातीचे बारा गुणधर्म तपासण्याची व्यवस्था करण्यात आली. जस्त हे त्यांतील एक.

हेल्माँट यांच्या तराजूत ते दोन औंस नगण्य भासले. परंतु शेतकऱ्याचे सुगीचे दिवस बहुधा अशाच चिमूटभर द्रव्यावर अवलंबून असतात.