रिकाम्या खिशाने निघालेले दोन मित्र

उन्हाळ्याच्या सुट्टीत युरोपच्या सहलीला निघालेल्या आपल्या कुटुंबांचे सामान पाहण्यासारखे असते. अर्धी पेटी कपड्यांची आणि अर्धी खाखरे, थेपले, सुक्या चटण्या व मेथीच्या लाडवांच्या डब्यांची. सहल कंपनीने जैन भोजनाचे आणि सोबत स्वयंपाकी महाराज देण्याचे आश्वासन दिलेले असते, तरीही डबे भरले जातातच. त्यात वावगे काही नाही. जो चौविहार पाळतो, ज्याला कंदमुळे वर्ज्य आहेत, त्याने परमुलखात आपली सोय पाहूनच पाऊल टाकावे. परंतु अशा पंधरा दिवसांत आपण सात-आठ देश पाहून येतो आणि त्यांपैकी एकाही देशातील एकाही घराचा उंबरठा ओलांडत नाही, हेही तितकेच खरे.

अलीकडे मात्र आपल्या घरांतून एक निराळीच मागणी ऐकू येऊ लागली आहे. शिक्षण संपवून पेढीवर बसण्यापूर्वी वर्षभर मित्रांसोबत जग फिरून यावे, असे मुलगा किंवा मुलगी म्हणू लागते. मग वडील खर्चाचा अंदाज मागतात, आई जेवणाचे काय करणार ते विचारते आणि आजोबा एवढेच विचारतात, “सोबत कोण?” तिन्ही प्रश्न रास्त आहेत. या तिन्ही प्रश्नांना अगदी वेगळी उत्तरे देणारा एक प्रवास १९६२ साली सुरू झाला होता, आणि तो करणाऱ्या दोघांपैकी एक जण आपल्याच समाजाच्या घरात जन्मलेला होता. म्हणून त्या प्रवासाची हकीकत आज येथे सांगावीशी वाटते.

सतीशकुमार यांचा जन्म १९३६ साली राजस्थानातील श्रीडुंगरगढ येथे झाला. चौथ्या वर्षीच वडिलांचे छत्र हरपले आणि नवव्या वर्षी त्यांनी तेरापंथ संप्रदायात आचार्य तुलसी यांच्या संघात दीक्षा घेतली. पुढली नऊ वर्षे पायी विहार आणि गोचरी यांतच गेली. अठराव्या वर्षी गांधीजींच्या विचारांनी त्यांना ओढून घेतले. साधुवेष उतरवून ते विनोबाजींच्या कार्यात दाखल झाले. दीक्षा सोडणे ही आपल्या समाजात लहान गोष्ट नव्हे. तिचा निवाडा करणे हा या लेखाचा विषय नाही. एवढे मात्र दिसते की, वेष सुटला तरी विहाराने घडवलेले पाय सुटले नाहीत.

दुसरे मित्र ई. पी. मेनन. मूळचे केरळचे आणि गांधीविचाराच्या कामातील सहकारी. १९६१ च्या सप्टेंबरात इंग्लंडमधील ८९ वर्षांचे तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांना अण्वस्त्रविरोधी आंदोलनापायी आठवडाभराचा तुरुंगवास झाला. ही बातमी या दोघांनी बंगळूरच्या एका कॉफीगृहात वाचली. नव्वदीला टेकलेला एक वृद्ध तुरुंगात जातो आणि आपण तरणेबांड येथे कॉफी पीत बसलो आहोत, ही बोच दोघांच्याही मनाला लागली. त्या काळी जगातील चारच देशांपाशी अणुबाँब होता. त्या चारही देशांच्या राजधान्या, म्हणजे मॉस्को, पॅरिस, लंडन आणि वॉशिंग्टन, पायी चालत गाठायच्या असे ठरले. वाटेतला समुद्र तेवढा जहाजाने ओलांडायचा.

निघण्यापूर्वी दोघेही विनोबाजींचा आशीर्वाद घेण्यास गेले. गागोद्याच्या या आपल्या मराठी संताने तोवर अकरा वर्षे भूदानासाठी देश पायाखाली घातला होता, त्यामुळे चालण्याविषयी त्यांनी काही सांगितले तर ते अनुभवाचे बोल होते. सतीशकुमार यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे की, विनोबांनी त्यांना दोन शस्त्रे दिली. एक, शाकाहार सोडायचा नाही; आणि दुसरे, जवळ एक पैसाही ठेवायचा नाही.

दुसऱ्या अटीने दोघे चपापले असतील यात शंका नाही. विनोबांचे म्हणणे मात्र एखाद्या मुरब्बी व्यापाऱ्याने ऐकावे इतके व्यवहारी होते. दिवसभर चालून थकलात आणि खिशात पैसे असले, तर तुम्ही खानावळीत जेवाल, लॉजवर झोपाल आणि सकाळी पुढे निघाल. त्या गावातल्या कोणाशी तुमचा संबंध येणार नाही. पैसे नसतील तर कोणाचे तरी दार ठोठवावेच लागेल. यजमान जेवायला वाढील, तुम्ही मांस नको म्हणाल, तो कारण विचारील आणि मग अहिंसेची गोष्ट आपोआप निघेल. शाकाहार आणि रिकामा खिसा या दोन्ही गोष्टी एरवी प्रवासातल्या अडचणी. विनोबांनी त्यांनाच संभाषणाची किल्ली केले.

१ जून १९६२ रोजी राजघाटावरून दोघे निघाले. पाकिस्तानच्या सरहद्दीवर निरोप द्यायला आलेल्या स्नेह्यांनी वाटेसाठी खाण्याची पुडकी पुढे केली. सतीशकुमारांनी ती नाकारली. ही पुडकी अन्नाची नसून अविश्वासाची आहेत, अशा आशयाचे ते बोलले. पाकिस्तानी यजमान भेटला तर त्याला काय सांगायचे? तुम्ही खायला घालाल की नाही याची खात्री नव्हती, म्हणून हिंदुस्थानातून शिदोरी आणली? फाळणीला तेव्हा जेमतेम पंधरा वर्षे झाली होती. निरोप देणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आले ते उगाच नव्हे.

सरहद्द ओलांडून थोडे पुढे जातात न जातात तोच एका अनोळखी पाकिस्तानी गृहस्थाने त्यांना गाठले. वर्तमानपत्रात या दोघांविषयी वाचून तो त्यांना आपल्या घरी नेण्यासाठीच आला होता. पहिल्याच दिवशी, ज्या देशाची सर्वांनी धास्ती घातली होती त्या देशात, यजमान स्वतः वाटेवर येऊन उभा होता.

येथे क्षणभर थांबून आपल्या धंद्याच्या भाषेत विचार करावासा वाटतो. आपल्या बाजारपेठांत पतीवाचून व्यवहार नाही आणि ओळखीवाचून पत नाही. मारवाडातून, गुजरातेतून लोटा-दोरी घेऊन खानदेशात, नगरकडे, विदर्भात आलेल्या आपल्या पूर्वजांनाही कोणी तरी गाववाला, कोणी तरी साधर्मिक बंधू पुढे आलेला होता. त्याच्या ओसरीवर पहिली पथारी पडली आणि त्याच्याच शब्दावर पहिला माल उधार मिळाला. या दोघांपाशी ना गाववाला, ना साधर्मिक, ना कोणाची चिठ्ठी. जैन साधूची गोचरीही श्रावकाच्या घरी असते. दाराशी कोण आले आहे आणि त्यांना काय चालते, हे तेथील लहान मुलालाही ठाऊक असते. खैबर खिंडीपलीकडे हे कोणाला ठाऊक असणार? ज्याला आपण मुळीच ओळखत नाही त्याच्याकडे प्रथम पत मागायची आणि मग तो कोण हे जाणून घ्यायचे, असा हा उलटा व्यवहार होता. तो त्यांनी एक-दोन दिवस केला नाही, महिनोन्महिने केला.

अफगाणिस्तान, इराण, मग त्या वेळच्या सोव्हिएत संघातील आर्मेनिया आणि जॉर्जिया. ते परदेशांत चालत असतानाच त्या वर्षीच्या ऑक्टोबरात क्युबाच्या प्रश्नावरून जग अणुयुद्धाच्या काठावर आले आणि इकडे चीनने आपल्या सरहद्दीवर हल्ला केला. दोन भारतीय तरुण शांततेची भाषा बोलत चालले आहेत आणि त्यांच्याच मायदेशात रणगर्जना होत आहे, अशी ती वेळ होती.

काळ्या समुद्राच्या बाजूने जाताना चहाच्या एका कारखान्याबाहेर काही कामकरी स्त्रिया भेटल्या. हे दोघे हिंदुस्थानातून पायी आले आहेत आणि जवळ पैसे नाहीत, हे कळल्यावर त्यांनी त्यांना चहा-फराळाला आत नेले. त्यांतील एका स्त्रीला काय सुचले कोण जाणे, तिने चहाच्या चार पुड्या आणून त्यांच्या हाती ठेवल्या. या तुमच्यासाठी नाहीत म्हणाली. मॉस्को, पॅरिस, लंडन आणि वॉशिंग्टनच्या पुढाऱ्यांना एकेक द्या. बाँबचे बटण दाबण्याची बुद्धी कधी झालीच, तर आधी क्षणभर थांबून हा ताजा चहा घ्या, तेवढ्यात शेतातल्या आणि कारखान्यातल्या साध्या माणसांची आठवण होईल, असा निरोप माझ्याकडून त्यांना सांगा.

मोठमोठे शांतता-ठराव तयार करणारे मुत्सद्दी त्या काळी थोडे नव्हते. त्यांपैकी कोणालाही या बाईइतके नेमके बोलता आले असेल असे वाटत नाही. आणि आपले दोन प्रवासी? तोवर ते आपला स्वतःचा संदेश घेऊन चालले होते. येथून पुढे ते दुसऱ्याचा निरोप पोहोचवणारे झाले. लांबच्या प्रवासाने दृष्टी बदलते असे आपण सहज म्हणतो. येथे ती बदलली त्याची जागा नकाशावर दाखवता येते.

पुढील मजल थोडक्यात सांगतो. मॉस्को झाले, पोलंड-जर्मनीवरून पॅरिस झाले. पॅरिसमध्ये निदर्शने केल्याबद्दल दोघांना अटक होऊन तुरुंग पाहावा लागला आणि तेथून त्यांची इंग्लंडला रवानगी झाली. ज्यांच्या तुरुंगवासाने हे सारे सुरू झाले, त्या रसेल यांची वेल्समध्ये भेट झाली आणि अमेरिकेच्या जहाजाच्या तिकिटांची सोय होण्यास त्यांचे साहाय्य लाभले. वॉशिंग्टनच्या मुक्कामाआधीच, २२ नोव्हेंबर १९६३ रोजी, राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली. गांधीजींच्या समाधीपासून निघालेली ही यात्रा १९६४ च्या जानेवारीत केनेडींच्या समाधीपाशी पोहोचली. एकूण चाल सुमारे ८,००० मैलांची, म्हणजे जवळजवळ १३,००० किलोमीटरची.

अमेरिकेतील एक प्रसंग मात्र घाईने ओलांडण्यासारखा नाही. जॉर्जिया राज्यात, जेथे केवळ गोऱ्यांनाच प्रवेश होता अशा एका उपाहारगृहात सतीशकुमार चहासाठी गेले असता मालकाने त्यांच्यावर पिस्तूल रोखले. घरून निघताना सर्वांनी भय दाखवले होते ते पाकिस्तानचे आणि पठाणी मुलखाचे. पिस्तूल निघाले ते जगातील सर्वांत संपन्न देशात. त्याच देशात मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्यांचे आपुलकीने स्वागत केले, हेही सांगितले पाहिजे. एका देशाविषयी एकच मत बाळगण्याची आपली सवय अशा प्रवासात टिकत नाही.

आता आजोबांचा प्रश्न, “सोबत कोण?” तीन प्रश्नांतला हाच मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पंधरा दिवसांच्या सहलीत मैत्री कसाला लागत नाही; दोन वर्षांच्या प्रवासात लागते. मुंबईचेच एक उदाहरण आहे. १९२३ च्या ऑक्टोबरात सहा पारशी तरुण सायकलींवरून जगप्रदक्षिणेला निघाले. वाळवंटे आणि डोंगर तुडवत, सुमारे ७१,००० किलोमीटर सायकल मारून ते १९२८ च्या मार्चमध्ये मुंबईला परतले, तेव्हा सहांचे तीनच उरले होते: अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा. एक जण तेहरानहूनच माघारी फिरला होता आणि एकाला अमेरिका इतकी भावली की तो तेथेच राहिला. मला यात कोणाचे अपयश दिसत नाही. साडेचार वर्षांत माणसाला आपले गाव कोणते हे कळते, आणि प्रत्येकाचे उत्तर एकच असेल असे नाही. ज्यांना आपली मुले एकत्र पाठवायची आहेत त्या कुटुंबांनी एवढे गृहीत धरावे. वाटेत कोणी परत फिरला, तर त्याला घरी टोमणे ऐकावे लागू नयेत.

सतीशकुमार आणि मेनन यांची गोष्ट अशी की, दोघांचे प्रांत, मातृभाषा आणि घरचे संस्कार वेगवेगळे. अनोळखी दारात उभ्या असलेल्या अशा दोघांकडे पाहून यजमानालाही काही उमगत असेल. भिन्न घरांतली दोन माणसे एका ताटाशी बसलेली त्याला समोर दिसत होती. शांततेवरील व्याख्यान त्यानंतर दिले नाही तरी चालण्यासारखे होते.

राहता राहिला वडिलांचा प्रश्न. आजच्या काळात आपल्या मुला-मुलींना बिनपैशांनी खैबरच्या वाटेला लावा, असे कोणी शहाणा माणूस सांगणार नाही, मीही सांगत नाही. विमा, परतीचे तिकीट, अडीनडीला रक्कम, हे सारे हवेच. पण पैसा म्हणजे कोणापाशी काही मागावे न लागण्याची सोय. ती सोय अखंड वर्षभर पुरवली, तर मुले फिरतील पुष्कळ आणि भेटतील कोणालाच नाही. वर्षातला एखादा महिना तरी त्यांना कोणाच्या घरी, कोणाच्या शेतावर, हातांनी काम करून राहू द्यावे. त्यासाठी परदेशच हवा असेही नाही. नर्मदा परिक्रमेला जाणारी कितीतरी मराठी माणसे तीरावरच्या गावकऱ्यांनी घातलेल्या भाकरीवर महिनोन्महिने चालतात. त्यांतील एखाद्याला घरी बोलावून मुलांशी बोलायला बसवावे. सहल कंपनीच्या माहितीपुस्तिकेपेक्षा ते अधिक उपयोगी पडेल.

वॉशिंग्टननंतर दोघे जपानला गेले, तेथे टोकियोहून हिरोशिमापर्यंत चालले आणि मग मायदेशी परतले. सतीशकुमार १९७३ पासून इंग्लंडमध्ये स्थायिक झाले आणि त्यांनी कित्येक दशके ‘रिसर्जन्स’ या नियतकालिकाचे संपादन केले. १९८२ साली डेव्हन परगण्यातील हार्टलंड या खेड्यात त्यांनी सुरू केलेल्या शाळेत, दुपारचे जेवण मुलांनीच रांधणे हा शिक्षणाचा भाग होता. वयाची पन्नाशी आली तेव्हा ते पुन्हा निघाले. ग्लास्टनबरी, कँटरबरी, लिंडिसफार्न, आयोना अशी ख्रिस्ती तीर्थे करत त्यांनी ब्रिटनमध्ये सुमारे २,००० मैलांची पदयात्रा केली. या वेळी विनोबांची आज्ञा नव्हती आणि खिशात पैसे ठेवायला कोणाची हरकतही नव्हती. त्यांनी ते घेतले नाहीत.