‘प्रसन्न’ या शब्दाविषयी थोडेसे

आरे कॉलनीत पहाटे फिरून परस्पर चिकित्सालयात येणारे रुग्ण खुर्चीवर टेकताच बहुधा एकच वाक्य उच्चारतात : ‘डॉक्टर, आज अगदी प्रसन्न वाटतंय.’ १९४९ साली दुग्धवसाहत म्हणून वसविलेल्या या परिसराची झाडी तशी आहेच. आम्हीही केसपेपरवर ‘मन प्रसन्न’ असे लिहून पुढच्या प्रश्नाकडे वळत असू.

असेच लिहून आम्ही एका नित्य फिरणाऱ्या, हसतमुख गृहस्थांस दोन महिने केवळ गुडघ्यांचे औषध देत राहिलो. एके दिवशी सहज झोपेविषयी विचारले, तेव्हा कळले की ते रोज रात्री तीन वाजता जागे होतात आणि अन्नाची चव तर केव्हाच गेली आहे. हसू खरे होते. चूक आमच्या शब्दाची होती.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, १५ व्या अध्यायात, स्वस्थाच्या लक्षणांत दोष, अग्नी, धातू व मलक्रिया यांच्या साम्याबरोबर आत्मा, इंद्रिये आणि मन यांची प्रसन्नता सांगितली आहे. तेथे ‘आनंद’ हा शब्द योजिलेला नाही. त्याच संहितेच्या शारीरस्थानात ‘आनंद’ हा उपस्थ या कर्मेंद्रियाचा विषय होय. चरकसंहितेने तर आरोग्यासच ‘सुख’ ही संज्ञा दिली.

‘प्रसन्न’ शब्दातील ‘सद्’ धातूचा अर्थ बसणे. गाळ तळाशी बसून नितळ झालेले पाणी ते प्रसन्न. आरेतील ओढे पावसाळ्यात गढूळ होतात व भाद्रपद सरता सरता निवळतात. मराठीतील ‘निवळणे’ हा त्याच अर्थाचा शब्द. निवळीचे बी उगाळून गढूळ पाण्यात घालतात, म्हणून कतकास ‘अंबुप्रसाद’ असे पर्यायनाम आहे. सुरेच्या वरच्या स्वच्छ भागास ‘प्रसन्ना’ म्हणतात, हे औषधनिर्मात्यांस सांगावयास नकोच. आहाराचा प्रसादभाग व किट्टभाग, तसेच रक्तप्रसादन, हे शब्दही याच कुळातील.

म्हणजे प्रसन्नता बाहेरून घालावयाची वस्तू नसून गाळ बसल्यावर दिसणारी स्थिती आहे. हे मानले, तर वेष्टनावर ‘चित्त प्रसन्न करणारे’ असे छापण्यापूर्वी आपला योग निवळवितो की नुसता उत्तेजित करतो, हे औषधनिर्मात्यांनी तपासावयास हवे. उत्तेजनाने पाणी ढवळले जाते.

आमच्या केसपेपरवर आता ‘मन प्रसन्न’ या शब्दांपुढे झोप, रुची व इंद्रियांची पटुता असे तीन रकाने आहेत. ते भरल्याखेरीज आम्ही तो शब्द लिहीत नाही.