डबीतील ध्वनिवर्धक

रेडिओ नवा होता त्या काळी तो ऐकण्यासाठी विजेची गरज भासत नसे. गॅलिना नावाच्या शिशाच्या खनिजाचा एक खडा, त्यावर टेकविलेले बारीक तारेचे टोक, तांब्याच्या तारेचे एक वेटोळे, छपरावर ताणलेली लांब तार आणि कानाला लावावयाचे हेडफोन एवढ्या सामग्रीवर दूरच्या माणसाचे बोलणे ऐकू येई. अशा खड्याच्या उपयोगाचे एकस्व आचार्य जगदीशचंद्र बोस यांना १९०४ साली अमेरिकेत मिळाले होते. मात्र या यंत्राला बाहेरून कसलीही शक्ती मिळत नसे. कानात जे काही पडे, ते आकाशातून आलेल्या लहरींच्याच बळावर. प्रक्षेपण करणारे केंद्र जवळ असले तर खडा बोले; दूर असले तर तो मुकाच राही. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे केंद्र सुरू झाले, तेव्हा मुंबईच्या चाळीत असे यंत्र रंजक ठरले. पण शेकडो मैल दूर असलेल्या नांदेडच्या वाड्यात त्यावर भिस्त ठेवता येण्यासारखी नव्हती. मराठवाडा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. पुढे त्या राज्यात हैदराबाद आणि औरंगाबाद येथे केंद्रे निघाली. तीही नांदेड-लातूरकडील गावांना काही उशापायथ्याशी नव्हती. दुरून आलेला क्षीण आवाज मोठा करावयाचा, तर त्याला शक्ती पुरविणारे उपकरण मध्ये असावयास हवे. ते उपकरण म्हणजे ध्वनिवर्धक. बाजाराच्या भाषेत ॲम्प्लिफायर.

ध्वनिवर्धक आवाज मोठा करतो, म्हणजे नेमके काय करतो? तो आवाजात नवीन शक्ती निर्माण करतो, असे पुष्कळांना वाटते. पण तसे नाही. नांदेडजवळ विष्णुपुरी येथे गोदावरीवर बंधारा आहे. त्याचा दरवाजा वर-खाली करण्यास लागणारे बळ अडलेल्या पाण्याच्या बळापुढे अगदीच थोडे असते. परंतु दरवाजा जसा हलेल तसा त्या प्रचंड लोंढ्याचा ओघ कमीअधिक होतो. ध्वनिवर्धकात शक्तीचा साठा असतो तो बॅटरीचा. दुरून आलेला दुबळा विद्युत्संदेश हा फक्त दरवाजा हलविणारा हात होय. हाताची हालचाल जशीच्या तशी लोंढ्यात उमटली, तर ध्वनिवर्धक चांगला. त्यात फरक पडला, तर आवाज विकृत झाला. हे दरवाजाचे काम आरंभी काचेच्या निर्वात नळ्या करीत. १९४७ साली ट्रान्झिस्टरचा शोध लागला, आणि पुढे अनेक ट्रान्झिस्टर एकाच सिलिकॉनच्या चकतीवर घडवून नखाएवढ्या आकाराची आयसी निघाली.

आज प्रत्येक मोबाइलमध्ये असा वर्धक असतोच. मग हौशी माणसे निराळा वर्धक बनवितात तो कशासाठी? सर्व हेडफोन सारखे नसतात, हे एक कारण. स्वस्त हेडफोनचा रोध ३२ ओहमच्या आसपास असतो. काहींचा ३०० ओहमपर्यंत जातो. १ व्होल्ट दाब दिला, तर पहिल्यास सुमारे ३१ मिलिवॅट शक्ती मिळते आणि दुसऱ्यास जेमतेम ३ मिलिवॅट. अशा हेडफोनला अधिक दाब पुरवावा लागतो. दुसरे कारण याहून खरे आहे : स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तूतून गाणे ऐकू येण्याचा आनंद दुकानात विकत मिळत नाही.

विसाव्या शतकाच्या अखेरीस चू मॉय नावाच्या हौशी रचनाकाराने खिशात मावेल अशा वर्धकाचा एक आराखडा प्रसिद्ध केला आणि तो जगभर पसरला. पेपरमिंटच्या गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत तो बसविण्याची प्रथाच पडून गेली. त्याची सामग्री थोडी : ९ व्होल्टची बॅटरी, एक आयसी, काही रोध, काही धारित्रे आणि आवाज कमीजास्त करण्याची खुंटी. दोन सारखे रोध लावून बॅटरीचा दाब मधोमध विभागला जातो. दोन्ही कानांसाठी दोन जुळी मंडले असतात. घरातील विजेशी संबंध नसल्यामुळे शाळकरी मुलानेही हे काम हाती घेण्यास हरकत नाही. मात्र तापलेल्या डागणीजवळ वडीलधारे कोणी असावे.

या कामातील खरी विद्या डाग देण्याची. गावात कल्हईवाला येतो, तेव्हा तो तापलेल्या भांड्यावर आधी नवसागर टाकतो, हे मुलांनी पाहिलेले असते. नवसागराने तांब्यावरचा मळ निघतो आणि मगच कथील धरते. डाग देताना नवसागराची जागा राळ घेते. नवसागर येथे वापरावयाचा नाही, कारण तो मागाहून तारा खातो. तार आणि पट्टी दोन्ही पुरेशा तापल्या, तर कथील पाण्यासारखे पसरते आणि चकाकते. घाई झाली, तर कथलाची नुसती गोळी वर बसते. ती दिसते जोडल्यासारखी, पण आत पकड नसते. असा थंड डाग टेबलावर काम देतो आणि प्रवासात दगा देतो.

दगा कोणत्या वेळी होईल, हे सांगता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या परिसरात धरणीकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावे दगडमातीच्या ढिगाखाली गेली. सुमारे दहा हजार माणसे मृत्यू पावली. अशा वेळी तेथून निरोप बाहेर पोचविण्याच्या कामी हौशी रेडिओचालकही आले होते. फुरसतीच्या वेळी कानाला हेडफोन लावून क्षीण संदेश टिपण्याचा छंद ज्यांनी जोपासला, त्यांची ही मंडळी. यांपैकी अनेकांच्या छंदाचा आरंभ असल्याच लहानसहान मंडलांपासून होतो.

वर्धक पुरा झाला, तरी त्याला लगेच आवडता हेडफोन जोडू नये. प्रथम मीटर लावून पाहावे. संदेश नसताना बाहेर येणारा स्थिर दाब काही मिलिव्होल्टच असावयास हवा. तो जास्त असला, तर हेडफोनमधील केसासारखी तार तापून जळते. डबी उन्हातही ठेवू नये. वैशाखात मराठवाड्याचा पारा ४२ अंशांपलीकडे चढतो आणि बंद पत्र्याच्या आत त्याहून चढतो. अशा तापाने धारित्रे वाळतात.

यानंतर सुरू होते ते फेरफारांचे प्रकरण, आणि हौशी माणसे खरी रमतात ती येथेच. मूळ आराखड्यात १ हजार व १० हजार ओहमचे दोन रोध वर्धनाचे प्रमाण ठरवितात. भागाकारात १ मिळविला की प्रमाण निघते; येथे ते ११ येते. पण ९ व्होल्टच्या बॅटरीतून अकरापट मोठा आवाज नेहमी निघेलच कसा? लाट वाढता वाढता बॅटरीच्या मर्यादेला टेकली, की तिचा शेंडा छाटला जातो आणि आवाज फाटतो. शिवाय संवेदनक्षम हेडफोनमध्ये संदेशाबरोबर सूं असा आवाजही वाढतो. १० हजारांच्या जागी २ हजार ओहमचा रोध बसविला, तर प्रमाण ३ होते. दोन रुपयांच्या आतल्या या बदलाने जे साधते, ते पुष्कळदा महागड्या आयसीने साधत नाही.

परंतु नवी आयसी घातल्यावर आवाज सुधारला, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांतील कित्येकांची फसगत झालेली असते, आणि ती दुसऱ्या कोणी केलेली नसते. पैसे खर्चले, हात भाजले, रात्र जागविली. मग कान तरी निराळे कसे सांगतील? त्यातून आवाज किंचित मोठा असला, की तो अधिक चांगला वाटतो, असा कानाचा स्वभावच आहे. म्हणून जाणता हौशी माणूस एका वेळी एकच बदल करतो. जुन्या व नव्या मंडलाचा दाब मीटरने सारखा करून घेतो, आणि कोणते केव्हा जोडले ते मित्राने न सांगता जोडावे, अशी व्यवस्था ठेवतो. दहा-वीस वेळा ऐकून ओळखता आले, तरच तो फरक खरा मानतो. बहुधा ओळखता येत नाही.

आवाजाची खुंटी किती फिरवावी, याचे उत्तर मात्र मीटरने शोधावयाचे नसते. ८५ डेसिबलचा आवाज दिवसातून ८ तासांपलीकडे ऐकू नये, असा एक दंडक आहे. आवाज ३ डेसिबलने वाढला, की ही मुदत निम्मी होते. म्हणजे ९४ डेसिबलला उरतो एकच तास. आंतरकर्णातील सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या, की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. जळलेली आयसी बदलता येते. हेडफोन कानाला असताना शेजारी बसलेल्याचे साधे बोलणे ऐकू येईनासे झाले, तर खुंटी मागे फिरवावी.

झाकण लावण्यापूर्वी त्याच्या आतल्या बाजूस एक कागद चिकटविण्याची चांगली चाल आहे. कोणता रोध काढला, कोणता घातला, कोणत्या दिवशी, आणि त्याने काय झाले, हे त्यावर बारीक अक्षरात लिहिलेले असते. वर्षांनी डबी दुसऱ्या कोणाच्या हाती गेली, की तो आधी झाकण उघडून तो कागद वाचतो, आणि मग डागणी तापत ठेवतो.