नोकरी सांभाळून स्वतःच्या कामाला वेळ कसा काढायचा? समजून घ्या

दिवसभर ऑफिस, वर येण्याजाण्याचे दोन तास. रात्री लॅपटॉप उघडला, तरी अर्धवट राहिलेलं ॲप किंवा कथा पुढे सरकत नाही. असं का होतं?

अडचण कुठे आहे?
एक काम अर्धवट सोडून दुसरं घेतलं, की थोडं लक्ष पहिल्यातच अडकून राहतं. संशोधक सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये हे प्रयोगांतून दाखवलं.

काय करता येईल?
ऑफिसमधून निघताना कुठे थांबलो आणि उद्या काय करायचं, हे दोन ओळींत लिहून ठेवा. अशा नोंदीमुळे पुढच्या कामात लक्ष लागतं, असं लरॉय यांच्या नंतरच्या अभ्यासात दिसलं.

कोणती वेळ निवडावी?
इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप टपाल खात्यात नोकरीला होते. ते पहाटे साडेपाचला लिहायला बसायचे. समोर घड्याळ आणि दर पाव तासाला २५० शब्द! रेल्वेप्रवासातही ते पेन्सिलने लिहायचे. त्यांच्या ४७ कादंबऱ्यांपैकी अनेक नोकरीत असतानाच झाल्या.

सकाळ डब्यांतच जात असेल तर?
ट्रोलप यांना उठवून कॉफी द्यायला नोकर होता. तुमच्याकडे तो नसेल, तर घरातली कामं वाटून घ्या आणि आठवड्यातले दोन तास पक्के करा.